घाटमाथ्यावरची केबिन आणि जुलैची ओल : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोली-चौकुळ पट्ट्यातलं आहे. मालकांच्या संमतीने लिहिलंय. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. घाटात भाड्याने द्यायचं छोटं घर बांधणाऱ्या, नाहीतर बांधलेलं चालवताना मेटाकुटीला आलेल्या लोकांसाठी ते सविस्तर मांडतोय. कारण अशी घरं गिऱ्हाईक नसल्यामुळे फार क्वचित बंद पडतात. बहुतेक वेळा ती ओलीमुळे बंद पडतात, आणि ती ओल आधी कुणी मोजलेलीच नसते.

पार्श्वभूमी

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला पहिल्यांदा अडतात ते अशाच ठिकाणी. त्यामुळे वर्षाचा पाऊस सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास जातो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. धबधब्यामुळे पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी बेळगाव, कोल्हापूर, गोवा आणि सावंतवाडीकडची गर्दी लोटते. पण इथलं जंगल त्या गर्दीपेक्षा कितीतरी मोठं आहे. आंबोलीचा म्हणून ओळखला जाणारा चिमुकला भेक (बेडकाचा एक प्रकार) इथलाच, हिरवा मलबारी चापडा हा साप इथे कारवीच्या फांदीवर बसलेला दिसतो. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ माशाची नवी जात सापडली आणि २०२१ साली त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

मालक जोडपं पुण्याचं, दोघंही नोकरी करणारी. नवरा मूळचा शेतकरी कुटुंबातला, त्यामुळे जमीन घेताना अडचण आली नाही. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या पूर्वापार सामायिक, जमिनींच्या मालकीचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजत आलेला आहे, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वकिलाकडून कागद तपासून घेतले आणि गावठाणालगतचा, सातबारा स्वच्छ असलेला तुकडा घेतला. या बाबतीत ते बऱ्याच जणांपेक्षा सावध निघाले.

घर एका मोठ्या खोलीचं. चौदा बाय बारा फूट, वर दोघांना झोपण्यापुरता माळा, मागे न्हाणीघर, पुढे छोटा व्हरांडा. भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं. जरा अंतरावर राखणदार काका-काकींचं दोन खोल्यांचं घर. काका बाग आणि पाणी बघायचे, काकी जेवण करायच्या.

आतल्या सजावटीसाठी मात्र मालकीणबाईंनी मनालीकडच्या केबिनचे फोटो समोर ठेवले होते. भिंतींना आतून पाइनच्या फळ्या, कौलांखाली फळ्यांचं छत, जमिनीवर गालिचा, फोमच्या जाड गाद्या, जड पडदे, आणि दरीचं दृश्य दिसावं म्हणून पश्चिमेला छतापर्यंत काच. ऑक्टोबरात घर सुरू झालं. नोव्हेंबर ते मे उत्तम गेले. शनिवार-रविवारी रात्रीला साडेचार हजार रुपये भाडं सहज मिळे, अभिप्रायही चांगले येत.

अडचण

जूनच्या अखेरीस पहिली तक्रार आली : उशीला वास येतो. मग चादरी दमट लागतात. मग बॅगेच्या पट्ट्यावर एका रात्रीत पांढरी बुरशी धरली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका कुटुंबाने दोन रात्रींचं आरक्षण केलं आणि पहिल्या सकाळीच सामान बांधलं. पैसे परत गेले. त्यांनी लिहिलेला अभिप्राय सौम्य होता, पण त्यातला ‘बुरशीचा वास’ हा शब्द पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाने वाचला.

मालकांनी पुण्याहून बसल्या बसल्या निदान केलं : घर गार आहे, ऊब कमी पडते. त्यांनी सिलिंडरवर चालणारा गॅसचा हीटर पाठवला आणि काकांना सांगितलं, संध्याकाळी खिडक्या लावून तासभर लावा. खोली गरम झाली, पण रात्री काचेवरून पाण्याचे ओघळ सुरू झाले आणि पश्चिमेच्या फळ्या हाताला बुळबुळीत लागायला लागल्या. याचं कारण साधं आहे. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. धुराडं नसलेला हीटर ते सगळं खोलीतच सोडतो. ओल घालवायला आणलेलं यंत्र रोज रात्री खोलीत आणखी पाणी सोडत होतं.

त्याच आठवड्यात ती रात्र आली, जिच्यामुळे पुढचं सगळं बदललं. कोल्हापूरचं कुटुंब होतं : नवरा-बायको, कॉलेजला जाणारी मुलगी आणि आजी. दुपारपासून वीज नव्हती. आजी काकींना म्हणाल्या, “अंथरूण ओलंच लागतंय गं.” काकींना वाईट वाटलं. त्यांनी कोळशाची शेगडी फुलवून खोलीत आणून ठेवली आणि वारा शिरू नये म्हणून दार घट्ट ओढून घेतलं. पहाटे तीनच्या सुमारास मुलीला डोकं फुटेल असं दुखायला लागलं, मळमळ सुरू झाली. तिने दार उघडलं आणि सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात ओढलं. सकाळी सावंतवाडीला डॉक्टरांना दाखवलं, सगळी सुखरूप होती. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. मुलगी जागी झाली नसती तर काय झालं असतं, हे लिहायची गरज नाही.

काकींनी केलं ते मायेने. घाटातल्या कुठल्याही घरात म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजली तर शेगडी पेटते. पण कौलांच्या फटींतून हवा खेळणाऱ्या घरात पेटवलेली शेगडी वेगळी, आणि फळ्यांचं छत, काच, जड पडदे यांनी बंद झालेल्या खोलीतली वेगळी. घराची बांधणी बदलली होती, पण ती चालवणाऱ्यांना याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. हा दोष मी राखणदारांवर टाकत नाही, आणि मालकांनीही टाकला नाही. त्याच सकाळी त्यांनी पुढची सगळी आरक्षणं थांबवली, हीटर आणि शेगडी खोलीतून कायमची हलवायला सांगितली आणि ओलीवर उपाय शोधायला मला बोलावलं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत घर बंद ठेवायचं. नवऱ्याचा कल याकडे होता. पैशांचं गणितही फार वाईट नव्हतं, कारण आठ महिने घर चांगलं चालत होतं. पण काकींनी हे ऐकलं आणि त्या एवढंच म्हणाल्या : “ताई, घराक धूर होयो. धूर नाय, तर घर कुजता.” बंद घराची ओल थांबत नाही, ती फक्त कुणाला दिसत नाही. शिवाय बंद महिन्यांत काका-काकींच्या पगाराचं काय, हा प्रश्न होताच.

दुसरा, एअर कंडिशनर बसवायचा. तो हवेतलं पाणी काढतो हे खरं, पण बाहेर वीस-बावीस अंश असताना खोली आणखी गार करतो. आणि झाडाची फांदी तारांवर पडली की वीज दोन-दोन दिवस येत नाही. त्याला पुरेल एवढा इन्व्हर्टर परवडणारा नव्हता.

तिसरा, फळ्या, छत आणि पश्चिमेची काच सगळं उतरवून घर पुन्हा जांभा, चुना आणि कौलं एवढ्यावर आणायचं. माझ्या मते योग्य मार्ग हाच होता. पण जुलैत ते काम होत नाही. पाणी पिऊन चिंब झालेल्या भिंतीवर चुन्याचा गिलावा नीट धरत नाही. पैसेही हातात नव्हते.

चौथा पर्याय मालकीणबाईंनी सुचवला. आधी ओल नेमकी येते कुठून ते पाहू, आणि मोठा खर्च करायचा की नाही ते त्यावरून ठरवू. पुढच्या सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. आदल्याच आठवड्यात अंदाजावर मागवलेल्या हीटरने काय झालं ते समोर होतं, तरी या वेळी काहीतरी लगेच विकत घेऊन मोकळं व्हायचा मोह दोघांनी टाळला.

ओल मोजली तेव्हा

काही शे रुपयांना मिळणारे आर्द्रतामापक आणले. एक माळ्यावर, एक पलंगाजवळ, एक न्हाणीघराच्या दाराशी आणि एक बाहेर व्हरांड्यात. काका दिवसातून तीनदा वहीत आकडे लिहायचे. मधल्या काळात मालकांचे दोन मित्र, सगळं समजून उमजून, पाहुणे म्हणून राहून गेले.

बाहेरचा आकडा दिवसरात्र ९५ टक्क्यांच्या पुढे. यात नवल नाही. आत मात्र एक गोष्ट ठळक दिसली : घर रिकामं असताना खिडक्या लावून ठेवल्या तर आर्द्रता ८०च्या आसपास राहायची, आणि माणसं राहायला आली की एका रात्रीत ९०च्या वर जायची. म्हणजे ओल भिंतीतून येत होती, तशी माणसांबरोबरही येत होती.

हिशेब मांडला. वीस अंशांना हवेत प्रत्येक घनमीटरमागे जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. या खोलीचं आकारमान सुमारे ४७ घनमीटर, म्हणजे सगळ्या खोलीच्या हवेत मिळून पाऊण-एक लिटर. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतो. चार माणसं, आठ तास : सव्वा लिटरहून जास्त. त्यात गरम पाण्याची अंघोळ आणि न्हाणीघराचं उघडं दार.

आणि कपडे. काकींच्या घरात काजू तोलायचा ताणकाटा होता. धबधब्यावरून आलेल्या मित्राची जीन्स त्यांनी त्यावर टांगली. वाळल्यावर पुन्हा टांगली. फरक सुमारे सातशे ग्रॅमचा निघाला. चार माणसांच्या जीन्स, टॉवेल, रेनकोट, मोजे, हे सगळं पाहुणे खुर्च्यांवर, पडद्याच्या दांडीवर, माळ्याच्या कठड्यावर वाळत घालायचे, आणि रात्रभर ते पाणी गाद्यांमध्ये जाऊन बसायचं. फोम ते धरून ठेवायचा. गालिचा तर सोडायचाच नाही.

भिंतींपैकी खरी दोषी एकटी पश्चिमेची. नैर्ऋत्येकडून येणारी झड थेट तिच्यावर आणि काचेवर बसते. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. आतून फळ्या ठोकल्यामुळे ते पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. एक फळी उचकटली तेव्हा तिची मागची बाजू काळी ठिक्कर पडलेली दिसली.

काय केलं

गालिचा आणि जड पडदे त्याच दिवशी निघाले. फोमच्या गाद्या पुण्याला परत गेल्या, त्यांच्या जागी काथ्याच्या गाद्या आणि वर पातळ कापसाच्या आल्या. काकी त्या रोज उचलून उभ्या करू शकत होत्या. फोमची जाड गादी एकट्या माणसाला हलत नसे.

पश्चिमेच्या भिंतीला काकांनी बाहेरून झापं बांधली. घाटाखालून माडाच्या झावळ्या आणल्या, विणल्या, बांबूच्या चौकटीवर भिंतीपासून वीतभर अंतर सोडून उभ्या केल्या. काचेचा निम्मा भाग झाकला गेला. मालकीणबाईंना हा निर्णय जड गेला, कारण जाहिरातीतला मुख्य फोटो त्याच काचेतून घेतलेला होता. मी त्यांना जुलैतल्या सकाळी अकरा वाजता त्या काचेसमोर उभं केलं. बाहेर दाट धुकं होतं, दरीचा मागमूसही नव्हता. तेव्हा त्यांनी होकार दिला.

सगळ्यांत जास्त विचार लागला तो सुकवणीच्या खोलीला. पाहुण्यांच्या अंघोळीसाठी काका मागच्या पडवीत तांब्याचा बंब पेटवायचे. त्याची धग रोज फुकट जात होती. पडवीचा एक कोपरा बंद करून आठ बाय सहाची खोली केली, बंबाला लोखंडी धुराडं जोडून ते या खोलीतून वर नेलं आणि छताबाहेर काढलं. धूर बाहेर जातो, नळीची धग आत राहते. वर बांबूच्या दांड्या, छताजवळ ओली हवा बाहेर जायला जाळीची फट. ही खोली झोपायच्या खोलीला कुठेही लागून नाही, आणि तरीही झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा भोंगा बसवला. जळण म्हणून अकेशियाचं लाकूड आणि काजूच्या छाटणीच्या फांद्या, मे महिन्यातच रचून ठेवलेल्या. जंगलातली फांदी तोडायची नाही, ही अट काकांनी स्वतःहून घातली.

मग नियम ठरला : ओला कपडा खोलीत जाणार नाही. व्हरांड्यात बाक, खुंट्या आणि वेताची टोपली. पाहुणे तिथेच रेनकोट आणि बूट काढतात, ओले कपडे टोपलीत टाकतात, सकाळी कोरडे, किंचित धुराचा वास असलेले कपडे घडी घालून परत मिळतात. नियम कडक वाटेल अशी मालकांना धास्ती होती. पण दिवसभर भिजून आलेल्या माणसाला दुसऱ्या सकाळी कोरडी, कोमट जीन्स मिळाली की तो हरखून जातो.

हवेतलं पाणी शोषणारं यंत्रही घेतलं, वीसेक हजारांचं. त्याच्या खोक्यावरचा ‘दिवसाला इतके लिटर’ हा आकडा तीस अंशांच्या हवेसाठीचा असतो. वीस-बावीस अंशांना ते बरंच कमी पाणी काढतं, हे धरूनच मोठ्या क्षमतेचं निवडलं. ते अडीचशे-तीनशे वॅटवर चालतं, त्यामुळे वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काही तास निघतात. दुपारी पाहुणे बाहेर असताना खिडक्या लावून ते चालवायचं आणि संध्याकाळी बादली रिकामी करायची. खिडक्या उघडून ‘हवा खेळवायची’ सवय मोडायला काकांना वेळ लागला. जुलैत उघड्या खिडकीतून धुकंच आत येतं.

आरक्षणाच्या अटी बदलल्या. चारच माणसं, पाचवं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सोमवार ते बुधवार घर रिकामं ठेवायचं, गाद्या बंबाच्या खोलीत फिरवायच्या. घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख. अंधार पडायच्या आत पोहोचा, कारण रात्री धुक्यात घाट चढणं धोक्याचं. आणि फोटो पावसाळ्यातले : झापं, धुकं, बंब, वाळत घातलेले मोजे. अंगणातले प्रखर दिवेही काढले. त्यांच्यावर किडे येत, किड्यांवर बेडूक, आणि बेडकांमागे साप व्हरांड्यापर्यंत.

काकींच्या जेवणाचे पैसे पाहुणे थेट काकींना देऊ लागले, आणि दोघांचा पगार बाराही महिने तोच ठेवला. मोजमापाची वही, सुकवणीची खोली, बादली, झापं या सगळ्याचा भार त्यांच्यावर वाढला होता. तो भार फुकटात घेतला असता तर पुढच्या जुलैपर्यंत यातलं काहीच टिकलं नसतं.

निष्पत्ती

पुढच्या पावसाळ्यात विकल्या गेलेल्या रात्री आदल्या जुलैच्या अपेक्षेपेक्षा कमी होत्या, कारण आठवड्यातले तीन दिवस घर मुद्दाम रिकामं होतं. पण बुरशीची तक्रार आली नाही आणि ओलीपायी कुणाला पैसे परत द्यावे लागले नाहीत. भाडं थोडं वाढवलं, तरी ऑगस्टचे शनिवार-रविवार भरले. खोलीतला आकडा बहुतेक दिवस ६५ ते ७२च्या मध्ये राहिला.

सगळं जमलं असं नाही. एकदा सलग चार दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टर संपला, आकडा ८५वर गेला, आणि मालकांनी पाहुण्यांना स्वखर्चाने गावातल्या दुसऱ्या निवासात हलवलं. पश्चिमेच्या कपाटामागे काळे ठिपके पुन्हा आलेच. झापांनी झड अडवली, पण फळ्यांमागे आधीच मुरलेली ओल त्याने निघणार नव्हती. डिसेंबरात त्या भिंतीच्या फळ्या उतरवून चुन्याचा गिलावा केला. तिसरा पर्याय एका भिंतीपुरता तरी करावाच लागला.

पुन्हा केलं तर

मालकांच्या मते पहिला बदल हा असेल की जमीन घेण्याआधी तिथे जुलैचे काही दिवस राहायचं. त्यांनी जागा पाहिली ती डिसेंबरात. माझं मत थोडं वेगळं आहे. राहून ओल अंगाला कळते, पण ती कुठून येते ते कळत नाही. त्यासाठी वही लागते. आणि घराचा नकाशा काढण्याआधी काका-काकींना विचारायला हवं होतं. पश्चिमेला काच म्हटल्याबरोबर काकांनी मान हलवली असती. त्या बाजूला कोकणात पडवी उतरवतात, ती झड भिंतीपर्यंत पोहोचू नये म्हणूनच.

हिमालयातल्या केबिनचं सगळं शहाणपण कोरड्या थंडीसाठी आहे : ऊब कोंडून ठेवायची. सह्याद्रीच्या पावसात थंडी फारशी नसतेच, बावीस अंशांत माणूस गारठत नाही, तो ओल्या चादरीत गारठतो. इथे आधी कोरडेपणा लागतो, ऊब त्यामागून येते. हे फोटोत दिसत नाही, म्हणून सजावटीच्या यादीत येत नाही.

शेगडीच्या रात्रीबद्दल एक गोष्ट आता पक्की ठरली आहे : घर चालवायला देताना ते कसं बांधलंय, हवा कुठून येते-जाते, आत काय पेटवायचं नाही, हे राखणदारांबरोबर घरात फिरून सांगायचं, आणि दर मे महिन्यात पुन्हा सांगायचं. भोंग्याची बटणं काकींनी स्वतः दाबून पाहायची.

शेजारी दुसरी केबिन बांधायचा विचार सुरू आहे. नवऱ्याला या हिवाळ्यातच पाया घालायचा आहे. मालकीणबाईंनी मोकळ्या जागेत चार बांबूंवर कौलांचं छप्पर घालून खाली आर्द्रतामापक टांगला आहे आणि काकांच्या वहीत त्यासाठी वेगळं पान आखलं आहे. एक पावसाळा त्या पानावर उतरेपर्यंत वीट रचायची नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. निर्णय अजून झालेला नाही.